साधित फाईली आणि डिस्कवरील जागा : सॉफ्टवेअर-निर्मितीतील एका दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास (१९५६ ते २०२५)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रे, संगणकीय भाषा आणि त्यांचे जनक यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. कोणते यंत्र केव्हा तयार झाले, कोणती भाषा कोणी रचली, तिचा प्रसार कसा झाला, याच्या नोंदी विपुल आहेत. मात्र सॉफ्टवेअर तयार होत असताना डिस्कवर जे साठत जाते, त्याचे पुढे काय करण्यात आले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने क्वचितच विचारला जातो. वास्तविक, काय ठेवावे आणि काय टाकून द्यावे हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. प्रत्येक दप्तरखान्याला तो पडतो आणि तेथे घेतलेल्या निर्णयावर पुढील पिढ्यांना काय कळणार हे ठरते.

प्रोग्रामर स्वतः जी लिहितो ती मूळ फाईल होय. कंपायलर तिचे रूपांतर ऑब्जेक्ट फाईलमध्ये करतो. अशा अनेक ऑब्जेक्ट फाईली लिंकर एकत्र जोडतो आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम सिद्ध होतो. या प्रक्रियेस 'बिल्ड' असे म्हटले जाते. बिल्डमधून ऑब्जेक्ट फाईली, लायब्ररी, चालणारे प्रोग्राम, दोषशोधनासाठीची माहिती, चाचण्यांचे अहवाल आणि वितरणासाठी बांधलेले संच असे अनेक प्रकारचे साहित्य निर्माण होते. इंग्रजीत त्यास 'बिल्ड आर्टिफॅक्ट' ही संज्ञा आहे. मराठी व्याकरणात शब्दांचे सिद्ध आणि साधित असे वर्ग केले जातात. मूळ शब्दावर प्रक्रिया होऊन जो तयार होतो तो साधित शब्द. त्याच न्यायाने या साहित्यास प्रस्तुत लेखात 'साधित फाईली' असे म्हटले आहे.

साधित फाईल मूळ फाईलीपासून पुन्हा तयार करता येते, म्हणून ती केव्हाही पुसून टाकण्यास हरकत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सुमारे सात दशकांच्या इतिहासात ही समजूत कशी रूढ झाली, ती कोणत्या टप्प्यावर अपुरी ठरली आणि तिच्या जागी कोणता विचार पुढे आला, याचा आढावा येथे घेतला आहे.

उद्दिष्टे आणि मर्यादा

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) साधित फाईलींनी व्यापलेल्या जागेचे व्यवस्थापन करण्याच्या पद्धतींचा कालानुक्रमे परामर्श घेणे.
२) या पद्धती बदलण्यामागील तांत्रिक व आर्थिक कारणे स्पष्ट करणे.
३) साधित फाईलींच्या ऐतिहासिक पुरावामूल्याचा विचार करणे.

हा अभ्यास वर्णनात्मक व ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. प्रकाशित शोधनिबंध, प्रणालींच्या माहितीपुस्तिका आणि सार्वजनिक घोषणा यांतून ज्ञात असलेल्या घटनांपुरताच तो मर्यादित आहे. या विषयातील बहुतांश घडामोडी अमेरिका व युरोपमध्ये झाल्या असल्याने विवेचनाचा भर तेथील उदाहरणांवर आहे.

१. पत्त्यांच्या गठ्ठ्यांपासून डिस्कपर्यंत

साधित साहित्य जतन करण्याची गरज डिस्क सार्वत्रिक होण्यापूर्वीच निर्माण झाली होती. आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये फोरट्रान भाषा उपलब्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रोग्राममध्ये किरकोळ बदल केला तरी संपूर्ण प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागे. १९५८ मधील फोरट्रान २ ने उपप्रोग्राम स्वतंत्रपणे कंपाइल करण्याची सोय दिली. कंपाइल झालेला भाग छिद्रित पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या रूपाने हाती येई व तो जपून ठेवला जाई. बदललेला भाग तेवढा नव्याने कंपाइल करून उरलेले जुने गठ्ठे त्यास जोडले जात. संगणकाचा वेळ अतिशय महाग असल्यामुळे हा गठ्ठा म्हणजे वाचवलेला यंत्रवेळच होता. तो ठेवण्यासाठी लागणारी जागा मात्र कपाटातील खणांची होती. तिचा यंत्राशी संबंध नव्हता.

१९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक ३०५ या यंत्रासोबत ३५० क्रमांकाचे डिस्क साठवण-उपकरण सादर केले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एकूण ५० लाख अक्षरे साठवण्याची क्षमता होती. पुढील दोन दशकांत डिस्क हा संगणकाचा नित्याचा भाग बनला. साधित साहित्य खणांतून डिस्कवर आले आणि मूळ मजकूर, प्रणाली व वापरकर्त्यांची माहिती यांच्यासोबत एकाच मर्यादित जागेत नांदू लागले. जागेच्या व्यवस्थापनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

२. युनिक्स : मोजक्या मेगाबाइटचा संसार

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ पासून विकसित झालेली युनिक्स प्रणाली या दृष्टीने महत्त्वाची आहे. डेनिस रिची व केन थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आपल्या पीडीपी-११ यंत्राचे वर्णन दिले आहे. त्यानुसार यंत्रास १ मेगाबाइटची एक स्थिर-शीर्ष डिस्क, प्रत्येकी २.५ मेगाबाइटच्या चार डिस्क आणि ४० मेगाबाइटची एक डिस्क जोडलेली होती. स्थिर-शीर्ष डिस्कचा उपयोग फाईली ठेवण्याबरोबरच स्मृतीतील प्रोग्रामांची अदलाबदल करण्यासाठीही होत असे. आज मोबाईलमधील एक छायाचित्रही त्यांपैकी २.५ मेगाबाइटच्या डिस्कवर मावेलच असे नाही. तेवढ्या जागेत तेव्हा प्रणाली, कंपायलर आणि अनेकांचे काम सामावले जात होते.

या टंचाईच्या खुणा युनिक्सच्या रचनेत आजही दिसतात. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच डिस्कवर किती जागा शिल्लक आहे हे सांगणारी 'डीएफ' आणि कोणत्या निर्देशिकेने किती जागा व्यापली आहे हे सांगणारी 'डीयू' या आज्ञा आढळतात. चालणाऱ्या प्रोग्राममधील चिन्ह-नामावली काढून टाकून त्याचा आकार कमी करणारी 'स्ट्रिप' आज्ञा आणि अनेक ऑब्जेक्ट फाईली एका संग्रहात बांधणारी 'एआर' आज्ञा यांचाही उल्लेख त्याच पुस्तिकेत आहे. वेगळे नाव दिले नाही तर तयार झालेला प्रोग्राम 'ए डॉट आऊट' या एकाच नावाने लिहिला जाई आणि पुढच्या वेळी नवा प्रोग्राम जुन्याची जागा घेई. परिणामी जुन्या प्रती आपोआप साठत नसत. ही सोय जागा वाचवण्यासाठीच केली होती असे म्हणता येणार नाही. परंतु तिचा परिणाम तसा झाला.

याच काळात मूळ मजकूर व साधित साहित्य यांच्या जतनात एक मूलभूत फरक निर्माण झाला. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये एससीसीएस ही मूळ मजकुराच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली तयार केली. तिच्यात प्रत्येक आवृत्तीची संपूर्ण प्रत न ठेवता दोन आवृत्त्यांमधील फरक तेवढा नोंदवला जाई. त्यामुळे मूळ मजकुराचा संपूर्ण इतिहास थोड्या जागेत ठेवणे शक्य झाले. साधित फाईलींच्या बाबतीत ही युक्ती तितकी लागू पडत नव्हती. मूळ मजकुरात एक ओळ वाढली तरी साधित फाईलीतील असंख्य पत्ते सरकतात आणि फरकाचा आकार वाढतो. म्हणून मूळ मजकुराचा इतिहास जपायचा आणि साधित फाईलीची केवळ ताजी प्रत ठेवायची, असा प्रघात पडला.

३. 'मेक' आणि स्वच्छतेचा नियम

१९७६ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हा प्रोग्राम लिहिला. त्यामागील प्रसंग बोधप्रद आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्राममधील दोष शोधण्यात सकाळ घालवली होती. वास्तविक तो दोष मूळ फाईलीत आधीच दुरुस्त झालेला होता. मात्र ती फाईल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. डिस्कवर पडून असलेली शिळी ऑब्जेक्ट फाईलच नव्या प्रोग्राममध्ये जोडली जात होती. साधित फाईलीचा उपद्रव केवळ जागा अडवण्यापुरता नसतो. ती मूळ फाईलीशी विसंगत झाली तर दिशाभूलही करते, हे यावरून स्पष्ट झाले.

फेल्डमन यांनी यावर साधा उपाय योजला. कोणती फाईल कोणत्या फाईलींवर अवलंबून आहे हे लिहून ठेवायचे आणि फाईलींच्या बदलाच्या वेळा ताडून जी साधित फाईल जुनी ठरेल तेवढीच पुन्हा तयार करायची. या योजनेत जुन्या साधित फाईली डिस्कवर राहणे आवश्यक होते. कारण त्या पुसल्या तर सर्व काम नव्याने करावे लागणार. म्हणजेच वेळ वाचवण्यासाठी जागा खर्च करण्याचा व्यवहार 'मेक'ने पद्धतशीर केला. या कार्यासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार देण्यात आला.

फेल्डमन यांच्या शोधनिबंधात 'मेक' स्वतः तयार करण्याच्या नियमांचा नमुना दिलेला आहे. त्यात 'क्लीन' नावाचा एक नियम आहे. तो सर्व ऑब्जेक्ट फाईली व 'ग्रॅम डॉट सी' ही फाईल पुसतो आणि लगेच 'डीयू' ही आज्ञा देतो. पुसण्याच्या पाठोपाठ जागेचा हिशेब मागितला आहे, यावरून नियमामागील हेतू कळतो. त्यातील दुसरा तपशीलही लक्षणीय आहे. 'ग्रॅम डॉट सी' ही फाईल सी भाषेत आहे व वरकरणी ती मूळ फाईलच वाटते. प्रत्यक्षात ती 'याक' या साधनाने व्याकरणाच्या नियमांपासून तयार केलेली आहे. तात्पर्य, फाईल मूळ की साधित हे तिच्या रूपावरून ठरत नाही. ती कशापासून उत्पन्न झाली यावरून ठरते. पुढे या विषयात झालेल्या अनेक चुकांचे मूळ या भेदाकडे झालेल्या दुर्लक्षात आढळते.

४. वेळ की जागा : सामायिक साठ्यांचा उदय

१९८० च्या दशकात सॉफ्टवेअरचा आकार आणि ते तयार करणाऱ्या गटांची संख्या वाढली. एकाच प्रोग्रामच्या अनेक आवृत्त्यांवर एकाच वेळी काम होऊ लागले. प्रत्येकाने आपापली साधित फाईल तयार करून ठेवली, तर एकसारख्या फाईलींच्या असंख्य प्रती साठणार हे उघड होते. अपोलो कंपनीत डेव्हिड लेब्लँग व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या डीएसईई या प्रणालीने (१९८४) साधित फाईलींचा सामायिक साठा ठेवला. प्रत्येक फाईलीसोबत ती कोणत्या आवृत्त्यांपासून तयार झाली याची नोंद असे. मागणी तंतोतंत जुळली तर साठ्यातील फाईल दिली जाई, अन्यथा नवी तयार होई.

हाच विचार १९९२ मधील क्लिअरकेस या व्यावसायिक प्रणालीत पुढे आला. एकाने तयार केलेली साधित फाईल दुसऱ्यास नव्याने न बनवता वापरता येत असे, आणि कोणीही वापरत नसलेल्या फाईली हटवण्यासाठी 'स्क्रबर' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता. डीईसी कंपनीच्या संशोधन केंद्रात विकसित झालेल्या व्हेस्टा या प्रणालीत याच कामासाठी 'वीडर', म्हणजे निंदणी करणारा, अशा अर्थाचे नाव योजले गेले. निंदणी करताना पीक कोणते आणि तण कोणते हे आधी ओळखावे लागते. सरसकट उपटून चालत नाही. 'मेक क्लीन' सर्वच साफ करतो. निंदणी मात्र निवड करते. व्यवस्थापनाच्या विचारातील ही प्रगती म्हणावी लागेल.

२००२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहिलेल्या 'सीकॅश' या प्रोग्रामने ही कल्पना सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आणली. मूळ मजकूर, कंपायलर आणि त्यास दिलेल्या सूचना यांपासून तो एक सांकेतिक ठसा काढतो व त्या ठशाखाली ऑब्जेक्ट फाईल साठवून ठेवतो. साठ्यास कमाल आकाराची मर्यादा असते. ती ओलांडली की दीर्घकाळ न वापरलेल्या फाईली आधी हटवल्या जातात. येथे माणसाने निर्णय घ्यायची गरज उरत नाही. मात्र हा साठा केवळ वेळ वाचवण्यासाठी असून तो केव्हाही नष्ट झाला तरी काही बिघडत नाही, हे त्यामागील गृहीतक आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकांना या प्रश्नाचे एक घरगुती रूप परिचित असेल. संगणक प्रयोगशाळांत टर्बो सी चा वापर दीर्घकाळ झाला. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामसोबत ऑब्जेक्ट फाईल, चालणारा प्रोग्राम आणि मजकुराची आधीची प्रत अशा फाईली जमा होत. मूळ मजकूर काहीशे ओळींचा असला तरी फ्लॉपी भरण्यास वेळ लागत नसे. कोणती फाईल पुसावी हे न कळल्याने मूळ मजकूरच पुसला जाण्याचा धोका अशा वेळी असे. मूळ व साधित हा भेद पुस्तकातून शिकण्याआधीच तो अशा नुकसानीतून शिकावा लागे.

५. निक्स : साधित फाईलीची नवी ओळख

नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ पासून 'निक्स' ही प्रणाली विकसित केली व २००६ मध्ये त्यावर पीएच.डी. प्रबंध सादर केला. तिच्यात प्रत्येक साधित संच वेगळ्या निर्देशिकेत ठेवला जातो आणि त्या निर्देशिकेच्या नावात, तो संच ज्या घटकांपासून तयार झाला, त्या सर्वांचा सांकेतिक ठसा असतो. घटकांत अल्पसा बदल झाला तरी नाव बदलते. त्यामुळे नवी आवृत्ती जुनीवर लिहिली जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

या रचनेचा लाभ असा की नवी आवृत्ती सदोष निघाल्यास जुनीकडे तत्काळ परतता येते. तिची किंमत डिस्कवरील जागेच्या रूपाने मोजावी लागते. यावर निक्सने प्रोग्रामिंग भाषांतील 'गार्बेज कलेक्शन' या तंत्राचा अवलंब केला. सध्या वापरात असलेले संच 'मूळ आधार' मानून त्यांच्यावर जे अवलंबून नाही किंवा त्यांना जे लागत नाही, असा भ्रम न ठेवता, त्यांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जे लागते ते सर्व शोधले जाते. ते राखून उरलेले हटवले जाते. फाईलीचे वय किती हे येथे पाहिले जात नाही. तिची कोणाला गरज आहे एवढेच पाहिले जाते. वयाऐवजी संबंध हा निकष स्वीकारणे हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होय.

६. सर्व्हरवरील साठा आणि जतनाची मुदत

२००० नंतर बिल्डचे काम व्यक्तीच्या यंत्रावरून सर्व्हरवर गेले. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची यांनी तयार केलेली हडसन ही प्रणाली २०११ पासून जेनकिन्स या नावाने ओळखली जाते. मूळ मजकुरात बदल झाला की अशा प्रणालीत बिल्ड आपोआप सुरू होतो. दिवसातून एकदा होणारा बिल्ड दिवसातून शेकडो वेळा होऊ लागला आणि प्रत्येकाचे साहित्य जमा होऊ लागले. जेनकिन्समध्ये म्हणूनच ठराविक दिवसांनंतर किंवा ठराविक संख्येनंतर जुने बिल्ड काढून टाकण्याची सोय आहे. त्यासोबतच एखादा बिल्ड कायमचा राखून ठेवण्याची खूण करण्याचीही सोय आहे. गिटहब ॲक्शन्स या सेवेतही साधित साहित्य पूर्वनिर्धारित ९० दिवस ठेवले जाते. दप्तरखान्यातील कागदपत्रांना जशी जतनाची मुदत ठरवून दिलेली असते, तशीच ही व्यवस्था आहे.

साधित फाईल मूळ मजकुराच्या भांडारात ठेवण्याची चूक याच काळात महाग ठरू लागली. २००५ मध्ये निर्माण झालेल्या गिट प्रणालीत सर्वसाधारणपणे प्रत्येकाकडे भांडाराचा संपूर्ण इतिहास असतो. एकदा समाविष्ट झालेली मोठी साधित फाईल पुढे हटवली, तरी ती इतिहासात राहते आणि प्रत्येक नव्या प्रतीसोबत जाते. ती खरोखर काढायची तर इतिहासच नव्याने लिहावा लागतो.

दुसरीकडे तयार साधित संचांची सार्वजनिक भांडारे उभी राहिली. जावा भाषेच्या क्षेत्रातील मेव्हन सेंट्रल या भांडारात एकदा प्रसिद्ध झालेला संच बदलता वा हटवता येत नाही, असा दंडक आहे. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारात तो सुरुवातीस नव्हता. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा संच त्याच्या लेखकाने नामविषयक वादातून मागे घेतला आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य बिल्ड जगभर अडले. त्यानंतर एनपीएमने संच मागे घेण्याचे नियम कडक केले. त्या ११ ओळींनी व्यापलेली जागा नगण्य होती. यावरून व्यापलेली जागा आणि अभावामुळे होणारी हानी यांचे प्रमाण सारखे नसते, हे दिसून आले.

जागेचा भार प्रत्यक्ष किती होऊ शकतो याचे उदाहरण डॉकर या कंपनीच्या २०२० मधील घोषणेत मिळते. डॉकर हबवर त्या वेळी १५ पेटाबाइट साहित्य होते. त्यांपैकी १० पेटाबाइटहून अधिक साहित्य सहा महिन्यांत एकदाही वापरले गेले नव्हते, आणि या निष्क्रिय साहित्यातील ४.५ पेटाबाइटहून अधिक भाग विनामूल्य खात्यांचा होता. विनामूल्य खात्यांतील सहा महिने न वापरलेले संच हटवण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले. परंतु वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियेनंतर त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. या विरोधामागील कारण विचारात घेण्यासारखे आहे. शास्त्रीय संशोधनात वापरलेला एखादा संच सहा महिने कोणी मागितला नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. पाच वर्षांनंतर निष्कर्ष पडताळू पाहणाऱ्यास तोच हवा असतो.

व्यक्तीच्या यंत्रावरील स्वच्छता मात्र अधिकाधिक स्वयंचलित होत गेली. डॉकरने जानेवारी २०१७ मधील १.१३ या आवृत्तीत न वापरलेले घटक एका आज्ञेने हटवण्याची सोय दिली. रस्ट भाषेच्या कार्गो या साधनाने जून २०२५ मधील १.८८ या आवृत्तीपासून, नेटवर्कवरून आणलेल्या फाईली तीन महिने वापरल्या नाहीत तर त्या आपोआप काढण्यास सुरुवात केली. तेथेही एक विवेक आढळतो. नेटवर्कवरून पुन्हा आणाव्या लागणाऱ्या फाईलींना तीन महिन्यांची, तर स्थानिक साहित्यापासून सहज पुन्हा करता येणाऱ्या फाईलींना एका महिन्याची मुदत आहे. पुन्हा मिळवण्याचे कष्ट जितके अधिक, तितकी जतनाची मुदत अधिक, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे.

७. पुनर्निर्मितीचा दावा आणि साधित फाईलीचे पुरावामूल्य

वरील सर्व व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे : साधित फाईल मूळ मजकुरापासून पुन्हा जशीच्या तशी तयार करता येते. हे गृहीतक कितपत खरे आहे?

केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषणात यास पहिला मोठा धक्का दिला. कंपायलरमध्येच छुपा बदल केला तर मूळ मजकुरात ज्याचा मागमूस नाही असे वर्तन साधित प्रोग्राममध्ये येऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. मूळ मजकूर वाचून साधित फाईलीची खात्री देता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष होय. त्याहून साधी अडचण अशी की बिल्डच्या वेळची तारीख, निर्देशिकेचे नाव, फाईलींचा क्रम अशा गोष्टी साधित फाईलीत उमटतात. त्यामुळे एकाच मजकुरापासून दोनदा केलेले बिल्ड अनेकदा परस्परांशी जुळत नाहीत. २०१३ पासून डेबियन प्रकल्पात सुरू झालेल्या 'पुनरुत्पादनक्षम बिल्ड' या चळवळीने हे भेद शोधून दूर करण्याचे काम हाती घेतले. पुन्हा तयार करता येते असे म्हणणे आणि ते सिद्ध करणे यांतील अंतर किती मोठे होते, हे या कामाच्या व्याप्तीवरून कळते.

मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले 'एक्सझेड' प्रकरण या संदर्भात निर्णायक आहे. लॉग-इन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले आणि त्यांनी केलेल्या तपासातून या संकोचन-लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट घातल्याचे निष्पन्न झाले. घातक साहित्य चाचणी-फाईलींच्या रूपाने भांडारात लपवलेले होते. परंतु ते कार्यान्वित करणारा भाग केवळ वितरणासाठी बांधलेल्या संचात होता. सार्वजनिक मूळ भांडारात तो नव्हता. वितरित संच पुन्हा तयार करता येईल म्हणून कोणीच जपला नसता, तर तपासाचा महत्त्वाचा पुरावा गेला असता. मूळ भांडारापासून तो संच तसाच तयार झालाच नसता.

इतिहासाच्या अभ्यासकास अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण युनिक्सचेच आहे. युनिक्सची पहिली आवृत्ती दीर्घकाळ हरवल्यात जमा होती. १९७२ मधील एका छापील दस्तऐवजात तिच्या गाभ्याचा मूळ मजकूर कागदावर टिकून राहिला होता. वॉरन टूमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तो मजकूर पुन्हा संगणकात उतरवून त्यातील चुका दुरुस्त केल्या व प्रणाली पुन्हा चालती केली. परंतु केवळ गाभा चालून उपयोग नव्हता. वापरकर्त्याच्या आज्ञाही हव्या होत्या. त्या आज्ञांचे चालणारे प्रोग्राम, म्हणजे साधित फाईली, एका जुन्या चुंबकीय फितीवर सुदैवाने शिल्लक होते. कागदावरील मूळ मजकूर आणि फितीवरील साधित फाईली एकत्र आल्या, तेव्हा ते पुनरुज्जीवन शक्य झाले. १९७० च्या दशकातील जागेच्या टंचाईत ती फीत पुसून पुन्हा वापरली गेली असती, तर त्यात तेव्हा कोणालाही वावगे वाटले नसते.

इन्रिया या फ्रेंच संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा प्रकल्प जगभरातील मूळ मजकूर जतन करतो. हे कार्य मोलाचे आहे. तथापि साधित साहित्यासाठी तितका व्यापक विचार अद्याप रुजलेला नाही, असे वरील उदाहरणांच्या प्रकाशात म्हणता येते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) साधित फाईलींच्या व्यवस्थापनाचा निकष काळानुसार बदलत गेला. युनिक्सच्या काळात शिल्लक जागा, 'मेक'च्या काळात बदलाची वेळ, सामायिक साठ्यांत अलीकडील वापर, निक्समध्ये परस्परावलंबन आणि सर्व्हरवरील व्यवस्थेत जतनाची मुदत हे प्रमुख निकष राहिले.

२) डिस्क स्वस्त व मोठ्या झाल्याने प्रश्न सुटला नाही. जागा वाढली तसतशी बिल्डची संख्या व साहित्याचा आकारही वाढला. २.५ मेगाबाइटपासून १५ पेटाबाइटपर्यंतचा प्रवास याची साक्ष देतो.

३) केवळ वय हा पुसण्याचा निकष अपुरा आहे. फाईल पुन्हा मिळवण्याचे कष्ट आणि तिच्यावर अवलंबून असणारे घटक यांचाही विचार आवश्यक आहे.

४) साधित फाईलींचे तीन वर्ग करणे इष्ट आहे. केवळ वेळ वाचवण्यासाठी ठेवलेल्या मधल्या फाईली केव्हाही पुसता येतात. इतरांना वितरित झालेले संच, ते ज्या मजकुरापासून व साधनांपासून तयार झाले त्यांच्या नोंदीसह दीर्घकाळ जपले पाहिजेत. संशोधनाचे निष्कर्ष ज्यांवर आधारलेले आहेत असे संच पुरावा म्हणून जपले पाहिजेत.

५) साधित फाईल पुन्हा तयार करता येते हा दावा प्रत्यक्ष पडताळल्याखेरीज तिचा नाश करणे म्हणजे पुराव्याचा नाश करणे ठरू शकते.

समारोप

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. संशोधन प्रकल्पांत तयार झालेले प्रोग्राम, त्यांवर मिळालेले निकाल आणि विद्यार्थ्यांनी सादर केलेले प्रकल्प प्रयोगशाळेतील यंत्रांवर साठत असतात. जागा भरली की ते पुसले जातात. पुसण्याचे हे काम बहुधा वर्षअखेरीस घाईने होते आणि काय पुसले याची नोंद राहत नाही. मधल्या फाईली निःसंकोच काढून टाकाव्यात. परंतु शोधप्रबंधातील तक्ता ज्या प्रोग्रामने दिला तो प्रोग्राम, त्याचा मूळ मजकूर आणि त्या वेळच्या कंपायलरची आवृत्ती यांची एक प्रत व एक नोंद विभागाच्या दप्तरी असावी. त्यासाठी लागणारी जागा फारशी नाही. प्रत्येक फाईलीस तिचे स्थान ठरवून देण्यासाठी थोडा वेळ मात्र द्यावा लागेल, आणि तो फाईल पुसण्यापूर्वी द्यावा लागेल.